मामांची बाज आणि मेनफ्रेमच्या वाटा

मी नेमकं काय काम करतो हे कुरुंद्यात कुणालाच माहीत नाही, आणि यात कुरुंद्याची काही चूक नाही. पुण्यात पाच वर्षं राहिलो, तिथे माझ्या घरमालकालाही माहीत नव्हतं. फरक एवढाच, की पुण्यातल्या माणसाला न कळलेल्या गोष्टीची काळजी नसते. आमच्या गावात तिचा काही ना काही अर्थ लावल्याशिवाय कुणाला जेवण जात नाही. घरात बसून दिवसभर फोनवर बोलतो आणि बोलताना वायर, पोर्ट, स्विच असले शब्द काढतो म्हटल्यावर मी विजेच्या खात्यात आहे असं परस्पर ठरून गेलं. गल्लीतली लाईट गेली की पहिलं दार माझं वाजतं. एकदा शेजारचे एकजण बंद पडलेला मिक्सर घेऊन आले. मी म्हटलं, “अहो, माझा स्विच वेगळा.” ते म्हणाले, “स्विच तं स्विचच अस्तो ना?” मी चिडून मिक्सर ठेवून घेतला आणि रागाच्या भरात दुरुस्त करून दिला. ती माझी घोडचूक होती. त्यानंतर माझ्याकडे दोन मिक्सर, एक कूलर आणि एक फवारणीचा पंप येऊन गेला.

म्हणून एकदाच नीट सांगून टाकतो. मेनफ्रेम म्हणजे एक फार मोठा संगणक. कपाटाएवढा असतो आणि एकावेळी हजारो लोकांची कामं करतो. पण तो स्वतःजवळ माहिती ठेवत नाही. माहिती असते डिस्कच्या वेगळ्या कपाटांत. मशीनपासून त्या कपाटांपर्यंत ज्या वाटा जातात त्यांना चॅनल म्हणतात. या वाटा थेट जात नाहीत, मध्ये दोन मोठे स्विच असतात. प्रत्येक स्विचला नंबर, त्याच्या प्रत्येक भोकाला, म्हणजे पोर्टाला नंबर. माझं काम एवढंच, की कोणत्या चॅनलनं कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टातून कोणत्या कपाटाकडे जायचं हे एका फाईलमध्ये लिहून मशीनला आधी कळवायचं. हे मशीन भयंकर संशयी आहे. लिहिलंय एक आणि समोर आलं दुसरं, तर वायर अगदी बराबर लागलेली असली तरी रुसलेल्या जावयासारखं तोंड फिरवून बसतं. कुणी कितीही समजूत घातली तरी जेवत नाही.

या कामात नियम पुष्कळ आहेत, पण थोरला नियम एकच. प्रत्येक कपाटाकडे दोन वाटा हव्यात, आणि त्या दोन वेगवेगळ्या स्विचमधून गेलेल्या हव्यात. म्हणजे एक स्विच मेला तरी दुसऱ्यातून काम चालू राहतं. हे मी नव्या लोकांना शिकवतो. शिकवताना माझा आवाजही थोडा जड होतो. हे अशासाठी सांगतो, की पुढे जे झालं ते वाचताना तुम्हाला माझी कीव येऊ नये. मला सगळं माहीत होतं.

आता घरचं. माझी बायको वसमतच्या एका हायस्कुलात गणित शिकवते. लग्न झालं तेव्हा ती तिथे कायम झालेली आणि मी पुण्यात. दोघांपैकी कुणीही नोकरी सोडावी अशी परिस्थिती नव्हती. मग पाच वर्षं मी महिन्यातून दोनदा शनिवारी यायचो आणि रविवारी जायचो. माझी एक मरून रंगाची बॅग होती. तिची चेन तुटलेली, तिला सेफ्टी पिन लावलेली. त्या पाच वर्षांत ती बॅग कधी पूर्ण रिकामी झाली नाही. आईला त्या बॅगेचा इतका राग, की येता-जाता पायानं तिला कोपऱ्यात ढकलायची. मग घरून काम करायची सोय निघाली, मी कुरुंद्याला आलो, बॅग कपाटावर गेली. दोन वर्षं झाली त्याला. रोज संध्याकाळी बायको शाळेतून येते, चपला काढायच्या आधीच वर्गातल्या कुणाची तरी तक्रार सांगायला लागते आणि मी ऐकतो. लोकांना यात काय विशेष वाटेल माहीत नाही. मला फार वाटतं.

आणि अशात या वर्षी कंपनीची मेल आली. सगळ्यांनी पुण्याच्या ऑफिसात परत यावं.

मी साहेबांना फोन केला. आमचे साहेब कमी बोलतात, आणि जे बोलतात ते बजावल्यासारखं. ते म्हणाले, “पुढच्या रविवारी दोन्ही जुने स्विच काढून नवे बसवायचे आहेत. वाटा सगळ्या नव्यानं लिहायच्या. हे काम तुम्ही तिथून करून दाखवा. स्वच्छ झालं तर तुमच्यासाठी शब्द टाकतो. एक जरी कपाट मशीनला दिसेनासं झालं, तर सोमवारी इथे हजर व्हा. बॅग घेऊन.”

बॅग हा शब्द त्यांनी सहज वापरला असेल. मी फोन ठेवला तेव्हा बायको कपाटाकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी बघतो तर बॅगेवरची धूळ पुसलेली.

काम म्हणजे आठ चॅनल, दोन स्विच, आठ कपाटं. हे सगळं एका नजरेत दिसावं म्हणून मी आधी वहीत काढलं, वही पुरली नाही. लॅपटॉपवर काढलं, तर अर्धं चित्र नेहमी पडद्याच्या बाहेर. मी अंगणात येऊन डोकं खाजवत उभा राहिलो. हळदीचा हंगाम नुकताच उरकला होता. वाळवून पॉलिश केलेल्या हळकुंडांची पोती भिंतीच्या कडेनं उभी होती. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला हळद शिजवायचा मोठा लोखंडी ड्रम. मध्ये कडुलिंबाच्या सावलीत आमच्या दोन बाजा. मी बघतच राहिलो. देवानं मांडून ठेवलं होतं सगळं.

ड्रम म्हणजे मेनफ्रेम. दोन बाजा म्हणजे दोन स्विच. आठ पोती म्हणजे डिस्कची आठ कपाटं. पोती शिवायची सुतळी घरात होतीच. ड्रमापासून प्रत्येक बाजेपर्यंत चार सुतळ्या, आणि दोन्ही बाजांपासून प्रत्येक पोत्यापर्यंत एकेक. बाजेच्या काठाला कपडे वाळत घालायचे चिमटे लावले, एकेक चिमटा म्हणजे एकेक पोर्ट. चिमट्यात नंबराच्या चिठ्ठ्या. चिठ्ठ्या बायकोनं फळ्यावर लिहितात तशा ठसठशीत अक्षरात लिहून दिल्या. आईचे सगळेच्या सगळे चिमटे मी घेतले. त्या दिवशी वाऱ्यानं माझा एक शर्ट शेजारच्या म्हशीच्या अंगावर गेला.

आई कमरेवर हात ठेवून बघत होती. तिनं एक चिठ्ठी वाचली.

“एक-नऊ. बरं. आन ह्याच्या फुडं एक-ए काहून?”

“या नंबरात नऊनंतर ए येतो आई. मग बी, सी, असं एफपर्यंत.”

“आमी शिकलो तवा तर नवाच्या फुडं धाच व्हता.”

“मशीनचं वेगळं असतं.”

“मशीनचं ऱ्हाऊ दे, तुला पगार तरी आमच्यावाल्या आकड्यात देतेत ना?”

मी दुपारपर्यंत सुतळ्या बांधत, सोडत, परत बांधत मांडणी जमवली. शेवटी अंगण असं दिसायला लागलं, की कोळ्यानं दारू पिऊन जाळं विणलंय. या बाजेची सुतळी त्या टोकाच्या पोत्याला, त्या बाजेची या टोकाच्या, सगळ्या एकमेकींना कापत. पण हिशेब पक्का होता. प्रत्येक पोत्याला दोन सुतळ्या, एक या बाजेची, एक त्या बाजेची. आता फक्त बसून हे फाईलमध्ये उतरवायचं होतं. तेवढ्यात बायकोचा फोन आला. त्या दिवशी शाळा लवकर सुटली होती, वसमतच्या स्टँडवर ती तासभर उभी होती आणि एसटीचा पत्ता नव्हता. मी गाडी काढली आणि तिला आणायला गेलो.

माझ्या पाठीमागे जे झालं ते मला तीन दिवसांनी कळलं. पण तुम्हाला आत्ताच सांगतो, नाहीतर तुमचा गोंधळ होईल.

मी गेलो आणि माझे सासरे आले. त्यांना मी मामा म्हणतो. ते आखाडा बाळापूरला असतात. पांढरं धोतर, डोक्याला रुमाल, आणि चेहऱ्यावर असा भाव, की घरी बसणारा जावई म्हणजे काहीतरी लपवणारा जावई. लेक दिल्यापासून ते माझ्या नोकरीचा तपास करून राहिलेत. अंगणातल्या सुतळ्या बघून त्यांची खात्रीच पटली असणार.

आता आमच्याकडची रीत अशी, की व्याही आले की सावलीत बाज टाकायची, तिच्यावर धुतलेली गोधडी अंथरायची आणि तांब्याभर पाणी ठेवायचं. घरात सोफा आहे, पंखा आहे. पण व्याह्यांना सोफ्यावर बसवणं म्हणजे, आलात ते चहा घ्या आणि निघा, असं तोंडावर सांगणं. मामा दुपारी बाजेवर तासभर झोपल्याशिवाय त्यांचा पाहुणचार पुरा होत नाही, आणि पाहुणचारात कसर राहिली तर ती गोष्ट बाळापूरच्या बाजारात दोन वर्षं टिकते. दोन्ही बाजा मात्र स्विच झालेल्या.

आईनं डोकं चालवलं. एका बाजेच्या चिमट्यांमधून पोत्यांकडच्या आणि ड्रमाकडच्या सुतळ्या सोडून खाली टाकल्या. चिमटे आणि चिठ्ठ्या जागच्या जागी ठेवल्या, कारण लेकाचं काम बिघडायला नको. मामा त्या बाजेवर झोपले. त्यांच्या दोन्ही अंगांना पोर्टाचे नंबर लागलेले. तासाभरानं उठले, चहा घेतला, माझी वाट बघितली आणि गेले.

मग आईनं सगळं परत होतं तसं करायला घेतलं. पण सोडलेल्या सुतळ्यांचा गुंता झाला होता. शिवाय आधीची मांडणीच तिला पसंत नव्हती. एकीला एक कापत जाणाऱ्या दोऱ्या, येता-जाता पाय अडकतोय. तिनं दुसऱ्या बाजेच्याही सुतळ्या सोडल्या आणि सगळं ठीकठाक लावलं. डाव्या बाजेच्या जवळची चार पोती डाव्या बाजेला, उजवीकडची चार उजव्या बाजेला. प्रत्येक पोत्याला दोन सुतळ्या, प्रत्येक बाजेला पहिल्याइतक्याच. एकही शिल्लक नाही, एकही कमी नाही. वर अंगण झाडून घेतलं.

वसमतला बाजार उरकून उन्हं कलता मी बायकोला घेऊन परत आलो. आई म्हणाली, “इवाई येऊन गेले. तुझी लई वाट बघितली.” बाजेचं काही बोलली नाही. तिच्या मते सांगण्यासारखं काही झालंच नव्हतं. मी अंगणात पाहिलं आणि थक्क झालो. किती सुरेख मांडणी! एकही सुतळी दुसरीला कापत नव्हती. मी बायकोला म्हटलं, “बघ, सकाळी करताना किती किचकट वाटत होतं. थोडं लांब जाऊन पाहिलं की आपलंच काम किती साफ आहे ते कळतं.” तीही म्हणाली, छान दिसतंय. मग मी सुतळ्या मोजल्या. मोजणी बरोबर आली. पण कुठली सुतळी कुठे जाते ते पाहिलं नाही. ज्या माणसानं थोरला नियम आवाज जड करून दहाजणांना शिकवलाय, त्यानं नुसती मोजणी केली आणि एकेक चिठ्ठी वाचून सगळं फाईलमध्ये उतरवलं. तपासणीच्या प्रोग्रॅमनंही पास केलं. एक पोर्ट दोनदा वापरलाय का, नंबर अस्तित्वात आहे का, एवढंच तो विचारतो. दोन्ही दोऱ्या एकाच बाजेला का बांधल्या, हे तो विचारत नाही.

मी फाईल पाठवली. साहेब म्हणाले, “बरं.” हा त्यांचा सर्वात मोठा शाबासकीचा शब्द आहे. पुण्यातल्या लोकांनी माझ्या फाईलप्रमाणे नव्या स्विचना वायरी जोडायला घेतल्या. मी तीन दिवस घरात छाती काढून फिरलो.

शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी खरं काम. बायकोची सकाळची शाळा, दुपारी ती घरी होती. अंगणातली मांडणी मी रविवारपर्यंत तशीच ठेवली होती, आणि ते आईच्या जीवावर आलं होतं. आणि भर उन्हात दारात मामा उभे. आपली लेक पुन्हा एकटी पडणार असं कानावर आलं म्हणून ते मुद्दाम आले होते.

मी लगबगीनं म्हटलं, “या मामा, आत सोफ्यावर बसा, पंखा लावतो.”

मामा थांबले. माझ्याकडे बघितलं. मग बाजेकडे बघितलं. आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि मला डोळ्यांनी असं काही बोलली, की मी पंखा विसरलो.

“आत्ता देते बाज,” आई म्हणाली.

“आई, थांब, माझं काम आहे तिच्यावर!”

“तकलीफ नका घेऊ जावाईबापू,” मामा शांतपणे म्हणाले. “मांगच्या बारीला सोडली तशी सोडतील ना त्या.”

“मागच्या बारीला?”

मला वाटलं, ऊन लागलंय. कुणाला ते कळत नव्हतं, मामांना की मला. तोवर आईनं डाव्या बाजेच्या सगळ्या सुतळ्या भराभर सोडल्या, बाज उचलली आणि लिंबाच्या बुंध्याशी नेली. मामा बसले. मी पोत्यांकडे पाहत होतो. उजवीकडच्या चार पोत्यांना दोन-दोन सुतळ्या होत्या. डावीकडच्या चार पोत्यांना एकही नव्हती. ती नुसती पोती होती.

“आई,” मी म्हटलं, “या चार पोत्यांच्या दुसऱ्या सुतळ्या कुठंयत?”

“दोनी ह्याच बाजेला व्हत्या की.”

“दोन्ही कशा असतील? एक त्या बाजेची होती!”

“मीच तर बांधल्या. तुझ्या लई गुतल्या व्हत्या लेकरा. मी नीट लावून दिल्या.”

मी खाली बसलो. अंगणात, उन्हात, तसाच. पुण्यात नेमक्या अशाच वायरी जोडून तयार होत्या. उद्या एक स्विच बंद पडला की चार कपाटं मशीनला दिसणार नाहीत, आणि त्यांत ज्या लोकांची माहिती आहे त्यांची कामं जागच्या जागी अडतील. आणि सोमवारी मी पुण्यात. आईला अजून काय झालं ते कळलं नव्हतं, पण माझ्या चेहऱ्याकडे बघून तिनं पदर तोंडाला लावला. तिला काही बोलायची माझी छाती झाली नाही. तिनं मदतच केली होती. मोजून समाधान मानणारा मी होतो.

बायको दारात उभी होती. तिला सगळं समजलं होतं. गणिताची बाई आहे, दोन सुतळ्या आणि एक बाज हे तिला सांगावं लागत नाही.

“फोन लावा,” ती म्हणाली.

“लावला तर पुणं आहे.”

“आणि नाही लावला तर?”

मी म्हटलं, उद्या एकावेळी एकच स्विच बदलायचाय, कदाचित कुणाच्या लक्षातही येणार नाही, नंतर गुपचूप दुरुस्त करता येईल. मी बोलत होतो आणि मला माझीच लाज वाटत होती. तिनं ते पूर्ण ऐकूनही घेतलं नाही.

“अहो, फोन लावा. बॅग मी भरते.”

हे बोलताना तिचा आवाज जराही हलला नाही. पाच वर्षं त्या बॅगेची चेन तिनंच पिनेनं ओढून बंद केली होती.

मी साहेबांना फोन लावला आणि सांगितलं की फाईल चुकली आहे, चार कपाटांच्या दोन्ही वाटा एकाच स्विचमधून गेल्यात.

“कसं झालं?” साहेबांनी विचारलं.

“सर, माझ्या सासऱ्यांना झोप आली होती.”

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

“परत सांगा.”

मी परत सांगितलं. बाज सांगितली, पोती सांगितली, चिमटे सांगितले. जितकं खरं सांगत गेलो तितकं ते खोटं वाटायला लागलं. शेवटी साहेब म्हणाले, “कॅमेरा चालू करा.”

मी मोबाईल अंगणाकडे धरला. साहेबांना ड्रम दिसला, सुतळ्या दिसल्या, आणि लिंबाखाली चिठ्ठ्या लावलेल्या बाजेवर पडलेले माझे सासरे दिसले. तेवढ्यात आई मध्येच येऊन मोबाईलच्या अगदी तोंडाशी उभी राहिली. तिला आता सगळं कळलं होतं.

“साहेब, गलती माझी हाय. मला काय कळतंय त्यातलं? त्याला काय सजा द्याची ती द्या, पर पुण्याला नका बोलावू. सूनबाईनं लई दिवस एकटीनं काढले.”

“आई, बाजूला हो,” मी म्हणालो. माझे कान तापले होते.

मग मामा उठून बसले. रुमाल नीट केला. त्यांना वाटलं, आपल्यावर आळ येऊन राहिला. जावयाच्या साहेबापुढे खाली बघायचं म्हणजे काय!

“रामराम साहेब,” ते म्हणाले. “म्या बाज घेतली हे बराबर हाय. पर एक इचारतो. बाज उचलली म्हून तर समजलं ना? न्हाई उचलली असती तर उद्या तुमाला कोन सांगनार व्हतं?”

मी डोळे मिटून घेतले. साहेबांशी असं आमच्या ऑफिसात कुणी बोलत नाही.

साहेब म्हणाले, “पहिल्यापासून बांधा. माझ्यासमोर.”

त्या दुपारी आम्ही चौघांनी ती मांडणी परत बांधली. मोबाईल पाण्याच्या टाकीवर टेकवून ठेवला होता, आणि त्यातून साहेब एकेक सुतळी विचारत होते. बायको चिठ्ठी वाचायची, आई गाठ मारायची, मी फाईलमध्ये लिहायचो. मामा पोत्यांपाशी उभे राहून बोटानं दाखवायचे, “हिची एक आली. दुसरी येऊ द्या.” सगळं झाल्यावर मी म्हटलं, “सर, झालं.” साहेब म्हणाले, “डावी बाज उचला.”

आम्ही सुतळ्या सोडून डावी बाज उचलली. आठही पोत्यांना एकेक सुतळी शिल्लक होती.

“ठेवा. बांधा. आता उजवी उचला.”

उजवी उचलली. परत आठ. मामांनी स्वतः एकेका पोत्यावर थाप मारून मोजली आणि मोबाईलकडे तोंड करून ओरडले, “साहेब, आठ हायेत!” साहेब म्हणाले, “धन्यवाद.” मी त्यांच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

पुण्यातल्या लोकांनी संध्याकाळपर्यंत वायरी बदलल्या. ते मला नंतर बरेच दिवस काय काय म्हणत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. रविवारी सकाळी पहिला जुना स्विच बंद केला. मी लॅपटॉपसमोर, माझ्या मागे आई, बायको आणि मुक्कामाला राहिलेले मामा. पडद्यावर काहीच झालं नाही. आमच्या कामात काहीच न होणं हेच सगळ्यात चांगलं असतं, पण बघणाऱ्याला ते पटत नाही. मामांनी विचारलं, “कवा सुरू व्हनार?” मी म्हटलं, “झालं मामा.” नवा स्विच आला, मशीननं नंबर ताडून पाहिले, ओळख पटली, दुपारपर्यंत दुसराही बदलून झाला. एकही कपाट क्षणभरसुद्धा दिसेनासं झालं नाही.

तरीही चूक ती चूक होती. शुक्रवारपर्यंत ती कुणाला माहीत नव्हती आणि शनिवारी मी सांगितली, एवढंच. सोमवारी फोन आला नाही. मंगळवारी आला नाही. बॅग भरलेली होती, बायको खरंच शब्दाला पक्की. ती बॅग पलंगाशेजारी उभी होती आणि आम्ही दोघंही तिच्याकडे न बघता तिला वळसा घालून जात होतो. आई तर पाय लावायचंही विसरली होती.

बुधवारी संध्याकाळी बायको शाळेतून आली, चपला काढल्या नव्हत्या, आणि मेल आली. मला घरून काम करायला मंजुरी होती. सोबत साहेबांनी भरलेला फॉर्म. त्यात एक रकाना होता, कर्मचाऱ्याला दुसऱ्या ठिकाणी बोलावणं शक्य का नाही. समोर साहेबांनी लिहिलं होतं, चाचणीचं सामान तिथे आहे आणि ते हलवता येणार नाही.

मी ते मोठ्यानं वाचलं. आईनं दोनदा वाचायला लावलं आणि मग विचारलं, “सामान म्हंजे काय? बाजा?” मी म्हटलं, “बाजा, पोती, सुतळी, चिमटे. सगळंच.” आई म्हणाली, “पोती तर वसमतला इकायला चालली.” चिमटेही तिनं लगेच परत मागितले. मी दिले नाहीत, तिला नवे आणून दिले.

बायको खाली बसून हसत होती. हसता हसता डोळे पुसत होती, पुसता पुसता हसत होती. मग उठली, बॅग ओढली आणि माझे कपडे एकेक करून काढून कपाटात ठेवले. सेफ्टी पिनसुद्धा काढून टाकली. रिकाम्या बॅगेत सुतळीची बंडलं घातली, चिमटे घातले, नंबराच्या चिठ्ठ्यांना रबर लावून त्या घातल्या. मामा आता महिन्यातून एकदा येतात आणि बाजेवर पडताना विचारतात, “काही तपासायचं असंन तर सांगा, मी झोपतोच हाय.”

त्या संध्याकाळी शेवटी बायकोनं एक कोरी चिठ्ठी घेतली, त्याच फळ्यावरच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं आणि बॅगेच्या मुठीला चिमट्यानं लावली. मग स्टुलावर चढून बॅग कपाटावर अगदी मागे सरकवून ठेवली. चिठ्ठी खालून वाचता येते. चाचणीचं सामान. हलवू नये.